सात तासांचा नियम

“फोन ठेव खाली.”

“न्हाई ठेवत. वृषभला कळलं पायजे, तात्या. आईनं पाणी सोडलंय आणि त्याला ते ठाऊकच न्हाई.”

“कळून काय करणार त्यो? समुद्रात उडी टाकून पवत येणार?”

“फोनवरनं बोलंल की तिला. त्याचं ऐकंल ती. जन्मात दुसऱ्या कुणाचं ऐकलंय?”

“दीपा, पोरगं परक्या मुलखात विमानतळावर एकटं बसलंय. वळखीचं कुत्रं न्हाय संगं. त्येच्या कानात हे वतलंस आन् तिथंच छाती धरून खाली बसलं, तर कुणी उचलायचं? तू? का मी? ही निघालीच हाय, त्येला बी घालवू व्हय? शपथ हाय तुला माझ्या गळ्याची.”

“शपथा बास करा आता. एकीनं घेतलीय ती बघालोय न्हवं आपण?”

बाप-लेक स्वयंपाकघरात आवाज दाबून भांडत होते. पण दाबलेला कोल्हापुरी आवाज म्हणजे दुसऱ्या मुलखातलं ओरडणंच. बाहेरच्या सोप्यातल्या खाटेवरून वाळल्या पाल्यासारखा आवाज आला.

“डोळं गेल्यात माझं. कान हायती अजून.”

तात्यासोंनी दीपाच्या हातातला फोन काढून घेतला नाही. नुसतं बघितलं तिच्याकडं. दीपानं फोन ओट्यावर पालथा घातला. बापाच्या शपथेपुढं आपण इतक्या लवकर कसे नमलो, हे तिचं तिलाच टोचलं. कारण तिला माहीत होतं. पण ते तिनं मनात नीट उच्चारलंसुद्धा नाही.

खाटेवर होती ती त्रिशला मगदूम. मुडशिंगीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांचीच ती आक्का. नांदणीकडून लग्न होऊन आली तेव्हा सासरी तीन म्हशी होत्या आणि विमानतळाच्या अंगाला एक तुकडा रान होतं. म्हशी तिनं आठ केल्या. रानाचा मात्र पुढं अर्धा लचका गेला, धावपट्टी वाढवायला. तात्यासो चार दिवस जेवले नव्हते. आक्का जेवली, धारा काढल्या, आणि म्हणाली, “गेलं तर गेलं. म्हातारपणी लेकाच्या गाडीतनं जाताना दाखवीन, ह्यो बघ, आपल्या रानावरनं इमानाचा रस्ता गेलाय.”

विमानं घरावरूनच खाली उतरायची. पहिल्या पहिल्यानं म्हशी बुजायच्या आणि पान्हा चोरायच्या. आक्का धारेवरून उठून अंगणात यायची, पदर खोचून वर तोंड करून विमानाला शिव्या द्यायची. “मेल्या, दूध पळिवलंस की रं माझं!” पुढं म्हशींना सवय झाली, तिलाही झाली. सकाळचं विमान गेलं की चहा, दुपारचं गेलं की वैरण. विमान म्हणजे तिच्या लेखी दारातनं जाणारी एस. टी. होती, जरा उंचावरनं जाणारी, एवढंच. ती कधी विमानात बसली नव्हती. तसं कुणी विचारलं तर म्हणायची, “बसायचं कशाला? माझ्या रानातच बसतंय की ते रोज.”

आणि तिचे नियम. त्याशिवाय आक्का सांगताच येणार नाही.

बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं हात जोडून बायका चातुर्मासात काही ना काही सोडतात. कुणी कांदा, कुणी पालेभाजी, कुणी रात्रीचं पाणी. आक्काचं सोडणं सणावारापुरतं नव्हतं. घरात काही अडलं की ती नियम घ्यायची. वृषभला लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा त्याचा ताप उतरेपर्यंत तिनं अन्न सोडलं. तो बारावीत गटांगळी खाऊन आला तेव्हा पास होईपर्यंत गूळ सोडला, आणि ऊसकरी घरात गूळ सोडणं म्हणजे काय ते ऊसकऱ्यांनाच कळेल. महापुरात तात्यासो शिरोळच्या पाहुण्यांकडे अडकले, फोन लागेना, तर म्हणाली, “धनी दारात दिसल्याबगार घास न्हाय.” दुसऱ्या दिवशी तात्यासो लष्कराच्या होडीतून बाहेर आले. होडी काय ह्यांच्यासाठी आली नव्हती, साऱ्या गल्लीसाठी आली होती. पण गावानं म्हटलं, आक्काच्या नियमानं आणलं माणसाला ओढून. तात्यासो स्वतः बस्तीच्या कट्ट्यावर बसून ही कथा रंगवून सांगायचे. दीपानंही ती कॉलेजात मैत्रिणींना सांगितली होती, कौतुकानं. ह्या घरात आक्काला कधी कुणी अडवलं नाही. तिचा नियम म्हणजे घरातला खांब होता. त्याला सगळेच टेकून बसायचे.

वृषभ साखर कारखान्यात पॅनमन झाला. उकळत्या पाकाकडे काचेच्या झरोक्यातून बघत योग्य क्षणी दाणा पाडायचा, हे काम. ह्या भागातली पोरं ते शिकतात आणि जगभर जातात. तो गेला टांझानियात, किगोमा नावाच्या गावाच्याही पुढं, कुठल्याशा नव्या कारखान्यावर. ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून आक्कानं साखर सोडली, तो कायमचा परत येईस्तोवर. तानाबाई, शेजारीण, हसून हसून बेजार. “पोरगा तिकडं साखरंचं डोंगर कराय लागलाय आन् आई हितं फिक्का चा प्याय लागलीया! त्येच्यापेक्षा पोराच्या लग्नाचा नियम घे की गं आक्का, निदान पोरगी तरी मिळंल.” त्यावर आक्का म्हणाली होती, “त्येला नियम न्हाय पुरत गं. त्येला सरकारी नोकरी लागती.”

एकदा वृषभनं किगोम्याच्या विमानतळाचा व्हिडिओ पाठवला होता. लाल माती, कडेला झाडं, एक ठेंगणी इमारत, बाहेर चार गाड्या. “आई, बघ, आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळागतच हाय न्हवं?” तेव्हा तिला अजून दिसत होतं. तिनं फोन डोळ्याला लावून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. “बाई गं, एवढुसंच की. गर्दी न्हाय, गोंधळ न्हाय. त्येचं एवढुसं, आपलं एवढुसं. मधी अडायचं कशाला?”

यंदा तिच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग नजर गढूळ झाली. कोल्हापुरातल्या दवाखान्यात महिनाभर यंत्राला लावलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तात्यासोंना बाहेर बोलावलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घरी न्या, सेवा करा. हात ठेवल्यावरच तात्यासोंना कळलं.

दीपानं वृषभला फोन केला. तो म्हणाला, “निघालो.”

आणि मग ती सकाळ.

दीपा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिस्पॅचला होती. दिवसभर तिला एकच प्रश्न. मॅडम, गाडी पुण्यात कधी लागंल? मॅडम, चाकणला किती वाजता? ती फोनमध्ये दोन नावं टाकायची, आकडा वाचायची, तास सांगायची. ट्रक असाच चालतो. रस्ता असतो, चाक असतं, आकडा खरा निघतो. त्या सकाळी आईनं खाटेवरून विचारलं, “वृषभ किती लांब हाय गं?” तर तिचं बोट सवयीनं चाललं. किगोमा विमानतळ. कोल्हापूर विमानतळ. निळ्या समुद्रावरून एक सुरेख कमान उमटली, इकडच्या टिंबापासून तिकडच्या टिंबापर्यंत.

“पाच हजार चारशेच्या वर किलोमीटर हाय आई. पण विमानाला सातच तास.”

“सात तास?”

“सात तास. हे बघ, लिहिलंय.” बघायला आईला डोळे नव्हते, हे तिच्या लक्षातच राहिलं नाही.

आक्कानं पडल्या पडल्या दोन्ही हात उचलून जोडले. सलाईनच्या सुयांनी काळेनिळे झालेले हात. “मग वृषभचं त्वांड बघितल्याबगार पाणी घेत न्हाय मी.”

तात्यासो बाजूलाच होते. त्यांनीही हात जोडले. दीपानं फडक्यातून गाळलेल्या पाण्याचा तांब्या खाटेखाली सरकवला, लेक आल्यावर लगेच हाताला लागावा म्हणून. सात तास म्हणजे आक्काला काय? दशलक्षण पर्वात अख्खा दिवस थेंबाविना काढणारी बाई ती. खोटं कशाला बोलायचं, तिघांनाही त्या क्षणी बरं वाटलं होतं. घरात पुन्हा खांब उभा राहिला होता.

आक्काच्या सांगण्यावरून खाट सोप्याच्या दाराशी ओढली. विमान ऐकू यावं म्हणून.

दुपारचं विमान घरावरून गेलं. “आला काय?”

“न्हाई आई. ह्यात नसंल.”

संध्याकाळी परत घरघर. “ह्यात आला बघ.”

तेव्हा दीपानं वृषभला फोन लावला. तो अजून किगोम्यातच होता. कारखान्यापासून जीपनं खड्ड्यांतून येईपर्यंत दिवस गेला होता, आणि तिथून आज विमानच नव्हतं. उद्याचं होतं, तेही दार-ए-सलामपर्यंत. तिथून दोहा. दोह्याहून मुंबई. मुंबईहून मग इकडं.

“पण सात तास...” दीपा म्हणाली.

“कसलं सात तास? कुणी सांगितलं?”

“काय न्हाई. ये तू.”

गोठ्यात जाऊन तिनं ते पान परत उघडलं. कमान तशीच होती. आकड्याच्या खाली, बारीक करड्या अक्षरांत एक ओळ होती. हे सरळ रेषेतलं अंतर आहे. ह्या दोन विमानतळांमध्ये थेट विमानसेवा नाही. ती ओळ सकाळीही तिथंच असणार. तिनं ती वाचली, बोटानं वर ढकलली, परत खाली आणून वाचली. म्हैस तिच्याकडे बघत रवंथ करत होती.

आईला तिनं सांगितलं ते एवढंच: “उशीर होतोय.”

“व्हऊ दे. निघालाय न्हवं?”

दुसऱ्या दिवशी ते दोघं स्वयंपाकघरात भांडले, ते ह्यामुळं. त्या सकाळी गावातले डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी सलाईन लावायला शीर शोधली, कशीबशी सापडली. बाटलीतलं पाणी टपटपायला लागलं तसं आक्कानं विचारलं, “हे काय घालालाय?”

“औषध हाय, आक्का.”

“नळीनं पाजलं म्हणून पाणी न्हवं व्हय ते?” आणि दुसऱ्या हातानं सुई ओढून काढली. चादरीवर रक्ताचा एक ठिपका पडला. डॉक्टर तात्यासोंवर ओरडले, तात्यासो आक्काकडे बघत राहिले. ती मात्र एखादं काम उरकल्यासारखी निवांत पडली.

दुपारी बस्तीतले पंडित आले. भला माणूस. खाटेशेजारी मांडी घालून बसले, आधी मंत्र म्हटला, मग हळूच विषय काढला. “आक्का, नियमात सूट असती. दुखण्याबाण्यात सोडावा लागला तर सोडायचा, बरं वाटल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं. धर्म काय माणसाचा जीव मागत न्हाई.”

“सूट ठेवताना म्हणायची असती न्हवं, पंडित?” तिच्या जिभेला शब्द चिकटत होते. एकेक सुटा करून ती बोलत होती. “मी न्हाय म्हटली. मला वाटलं, सातच तास हायती.”

दीपा दारात उभी होती. पंडितांनी सहज वर बघितलं, तर ती आत निघून गेली.

तानाबाईनं आणखी एक उपाय सांगितला, परसात, दबक्या आवाजात. वृषभचा चुलतभाऊ अभिनंदन अंगापिंडानं तसाच आहे. आक्काला दिसत नाही. आणून बसवा की त्याला खाटेवर, म्हणू दे ‘आई, आलो.’ घोटभर पाणी पोटात गेल्यावर मग पुढचं पुढं. तात्यासोंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात सोप्यातून आवाज आला. “तानाबाई, अभिनंदनच्या त्वांडाला तंबाखूचा वास मारतोय. आधी त्येला चूळ भराय लाव.”

तानाबाई पदरात तोंड घालून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळच्या आधी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. वृषभ. दार-ए-सलामच्या विमानतळावर एका खांबाला टेकून बसलेला, मागं काचा, लोकांची ये-जा. दाढी वाढलेली. दोह्याचं विमान चुकलं होतं, रात्रीचं मिळालं होतं.

“दीपा, आईला दाखव की मला.”

दीपानं फोन खाटेशी नेला. तात्यासो मागं येऊन उभे राहिले. आक्काला आवाज कळला. तिचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला, आणि तिनं घट्ट डोळे मिटून घेतले.

“आई, डोळं का मिटलीस? रुसलीस व्हय?”

“तू बोल. मी बघत न्हाय.”

“का गं?”

“काचंतलं त्वांड न्हाय चालत मला. घरात देवाचा फोटू हाय म्हणून बस्तीत जायाचं सोडतोय व्हय आपण?”

वृषभ हसला. त्याला वाटलं, आई नेहमीसारखी चेष्टा करतेय. “बरं बाई, नको बघू. उद्या येतोयच की. दुपारच्या विमानानं. तुझ्या रानातच उतरतोय बघ.”

“हळू उतर. म्हशी बुजतील.”

“औषधं घेतीस न्हवं? आणि पाणी पी गं नीट. ओठ बघ कसं सुकल्यात.”

हेच तर हवं होतं दीपाला. सांगायची गरजच उरली नव्हती. त्यानं स्वतःहून म्हटलं होतं. आता फक्त तिनं तोंड उघडायचं. ‘वृषभ, तिनं तुझ्यासाठी पाणी सोडलंय, परत सांग, ओरडून सांग.’ एवढं एक वाक्य.

“पिईन की,” आक्का म्हणाली. “तू आल्यावर.”

“बरं. मी आल्यावर पी,” वृषभ म्हणाला. हसतच.

तात्यासोंचा हात दीपाच्या खांद्यावर पडला. जड हात. नको, एवढंच त्या हातात होतं. पण दीपा पुढं अनेकदा हा क्षण उलटसुलट करून बघणार होती आणि दर वेळी तिला एकच गोष्ट दिसणार होती, की तो हात पडायच्या आधीच तिचे ओठ मिटले होते. सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. पाणी का सोडलं. सात तास म्हणून सोडलं. सात तास कुणी म्हटलं. फोनमधल्या भावाच्या थकलेल्या, विश्वासानं भरलेल्या चेहऱ्यासमोर ते तिनं उच्चारलंच नाही. तात्यांची शपथ तिला सापडली, तीच तिनं घट्ट धरली.

“ठेवतो आता. बॅटरी संपत आलीय,” वृषभ म्हणाला. “आई, येतो हां.”

फोन बंद झाला तसे आक्कानं डोळे उघडले. कुठंतरी छताकडं बघत म्हणाली, “बारीक झालाय त्यो.”

“तू तर बघितलंच न्हाईस आई.”

“आवाजावरनं कळतंय.”

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. पहाटे श्वासाला खरखर लागली. तात्यासो तिच्या कानाशी वाकून णमोकार मंत्र म्हणत राहिले, एकसुरात, मध्येच आवाज फाटायचा तिथं थांबून, परत पहिल्यापासून. दीपानं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून ओठांजवळ नेला. नुसता ओठांना लावू, गिळणार कुठं आहे ती. आक्कानं मान वळवली. केवढीशी. पण वळवली.

उजाडल्यावर सकाळचं विमान घरावरून गेलं. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं ‘आला काय’ विचारलं नाही. तानाबाईनं पुढं होऊन नाकाशी हात धरला आणि मागं सरली.

रीत अशी, की माणूस गेलं की वेळ लावायचा नाही. पंडितांनी तात्यासोंना बाजूला घेऊन आठवण केली. सूर्य मावळायच्या आत तर दहन झालंच पाहिजे, पण खरं तर आत्ताच. देह ठेवणं बरं नव्हे, त्यात जीव उपजतात. भावकी अंगणात जमली होती. कुणीतरी कुजबुजलं, “तिनं पाण्याचा नियम पाळला, आन् आता ह्यो मोडताय व्हय?”

तात्यासोंनी अंगणाकडे तोंड केलं. आयुष्यात ते कधी भावकीसमोर आवाज चढवून बोलले नव्हते. “दुपारचं इमान उतरंस्तोवर कुणी हात लावायचा न्हाय हिला. पाप लागूंदे. माझ्या नावावर लागूंदे.”

कुणी हात लावला नाही. उन्हं चढली. गोठ्यात म्हशी धार काढायच्या राहिल्यानं हंबरत होत्या. शेवटी तानाबाईनंच दुधाची कासंडी उचलली.

मग घरघर आली. पश्चिमेकडून, हलकी, मग मोठी, मग घराची कौलं हलवणारी. अंगणातल्या साऱ्यांनी वर बघितलं. पांढरं पोट, उघडलेली चाकं. ऊस वाकला, विमान खाली गेलं आणि भिंतीपलीकडे, आक्काच्या रानावर टेकलं. खरोखरच तिथं टेकलं.

अभिनंदन मोटरसायकलवरून वृषभला घेऊन आला. वृषभच्या पाठीवर एकच सॅक होती. फाटकातच त्याला सगळं कळलं. अंगणात एवढी माणसं, आणि कुणीच बोलत नाही. तो सरळ सोप्यात आला, खाली बसला. आईचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. तो हात घसरला. त्यानं परत ठेवला आणि धरून ठेवला. दाढीच्या खुंटांवर तो काळानिळा हात. बराच वेळ.

तानाबाईला धीर निघेना. तिनं हंबरडा फोडला. “तुझी वाट बघत पाण्याबगार गेली रं माझी आक्का! त्वांड बघितल्याबगार थेंब घेतला न्हाय बघ!”

वृषभनं मान वर केली. “काय?”

तानाबाईनं तात्यासोंकडं बघितलं.

“पाण्याबगार? कधीपासनं?”

“तू निघालास त्या दिवसापासनं,” तानाबाई म्हणाली, आणि आपण काहीतरी फोडलं असं तिला वाटलं.

वृषभनं आईचा हात हळूच खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी हिशेब आला. “मग काल मी फोन केला तवा? तवाबी घेतलं नव्हतं?”

“बाळा,” तात्यासो म्हणाले, “तू वाटंत हुतास. मीच नको म्हणालतो. मी शपथ...”

“तात्या, थांबा जरा.” तो उठला. दीपासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला चार विमानतळांचा घाम होता, आणि आवाज अगदी खाली गेला होता. “मी तिला म्हणालो, पाणी पी. ती म्हणाली, तू आल्यावर. आणि मी बरं म्हणालो. दीपा, मी हसून बरं म्हणालो. तू तिथंच हुतीस. फोन तुझ्या हातात हुता.”

दीपाच्या मागं भिंत होती. तिच्या पायाशी, खाटेखाली, तो तांब्या अजून तसाच होता, वर फडकं बांधलेला.

“एक शब्द का न्हाई सांगितलास? मी तिला प्यायला लावलं असतं. ती ऐकली असती माझं. ठाऊक हाय तुला, ऐकली असती.” तो थांबला. “आणि परवा ते सात तास, सात तास काय म्हणालतीस तू?”

तात्यासोंनी चमकून लेकीकडं बघितलं. सोप्यातल्या सगळ्यांनीच बघितलं. पंडितांनी तेवढी मान खाली घातली.

दीपा खाली वाकली, खाटेखालचा तांब्या उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि भावाच्या बाजूनं, त्याला न शिवता, दाराकडं गेली. उंबरा ओलांडला. अंगणातली माणसं बाजूला झाली. कुणीतरी विचारलं, “निघायचं काय मग?” तिनं ऐकलं नाही. पलीकडं, भिंतीआड, त्याला घेऊन आलेलं विमान परत जायला सुरू झालं होतं. त्या आवाजात मागून वृषभनं मारलेली हाक तिला ऐकू आली की नाही, कळलं नाही. ती उसाच्या कडेनं चालत राहिली.